मातीच्या रंगाची खोली

रेडिओवर रंगाविषयी बोलायचे म्हणजे जरा पंचाईतच असते. दुकानदार शेडकार्ड उघडून समोर ठेवतो, चित्रकार कागदावर एक फराटा ओढून दाखवतो. बोलणाऱ्याजवळ मात्र रंगाचे नाव तेवढे असते. पण आज मी ज्या रंगांविषयी बोलणार आहे, त्यांची नावे आपल्या भाषेत पुष्कळ आहेत आणि बहुतेक नावांतच त्यांचा पत्ता दिलेला आहे. विटेवरून विटकरी, नाकात ओढायच्या तपकिरीवरून तपकिरी, जांभ्याच्या दगडावरून जांभा. फारसीत मातीला खाक म्हणतात, म्हणून खाकी. काव आणि गेरू तर साक्षात मातीच. हुरमुंजी या तांबड्या रंगाच्या नावात इराणजवळचे होर्मुझ बेट दडले आहे. तिथली माती आजही तशीच लालभडक आहे.

गंमत अशी, की ज्या भाषेने मातीच्या रंगांना एवढी नावे दिली, तिनेच 'मातकट' हा शब्द नावे ठेवण्यासाठी वापरला. 'काय मातकट रंग घेतलास!' असे आपण म्हणतो. गडद कापड विकत घेताना 'मळखाऊ आहे, चालेल' म्हणतो. म्हणजे त्याची शोभा बघायची नाही, सोय बघायची. अशा या गडद, मातकट रंगांना गेल्या काही वर्षांत पुन्हा घरात मान मिळू लागला आहे. दिवाणखान्याची एक भिंत विटकरी, निजायच्या खोलीला कातासारखा तपकिरी, अभ्यासाच्या खोलीला शेवाळी किंवा पिवळ्या मातीचा रंग. मासिकांतली छायाचित्रे पाहून आपल्यालाही वाटते, की आपणही असे काही करावे.

मी रंगारी नाही आणि वास्तुविशारदही नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी माझ्या घरातली एक खोली या रंगांनी आधी बिघडवली आणि मग सुधारली. ती खोली माझ्या आईची. आम्ही तिला अम्मा म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी अम्माला गावाहून कायमची आमच्याकडे आणली. तिचे वय ऐंशीच्या घरात. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे होते. तिला दिलेली खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. भिंती पांढऱ्या, छत पांढरे, फरशीही पांढरी. आठ दिवसांनी ती म्हणाली, "दवाखान्यात निजल्यासारखं वाटतं रे." तिचे सगळे आयुष्य मातीच्या घरात गेलेले. मला वाटले, आपण तिला तिचे घरच परत देऊ. शेडकार्डावरचा एक सुंदर गडद तपकिरी रंग निवडला आणि चारही भिंतींना देऊन टाकला. दारही पॉलिशचे, तपकिरी. मी खूष होतो. अम्मा दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाटेवर बसल्या बसल्या तिने विचारले, "उजाला किदर गया रे?" आणि चौथ्या रात्री पाणी प्यायला उठली तेव्हा दाराच्या चौकटीवर तिचा खांदा आपटला. फार लागले नाही, हे आमचे नशीब. पण तपकिरी भिंतीतली तपकिरी चौकट तिला दिसलीच नव्हती.

माझे काय चुकले, हे समजून घ्यायला मी मग बसलो. त्यातून जे कळले ते आज सांगतो.

पहिल्यांदा हे रंग म्हणजे काय ते पाहू. मातीच्या रंगांचा धनी एकच, तो म्हणजे लोखंड. लोखंडाला गंज चढतो तोच प्रकार जमिनीच्या पोटात होतो आणि मातीला रंग येतो. लोखंडाच्या ज्या संयुगात पाण्याचा अंश असतो ते पिवळे दिसते. ती आपली पिवळी माती. पाणी निघून गेले की उरते ते तांबडे. तो गेरू, ती काव. म्हणूनच पिवळी माती भट्टीत भाजली की लाल होते. साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसला हे रूपांतर होते. याचे एक मोठे उदाहरण इटलीतल्या पॉम्पेईत आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा तिथल्या काही घरांच्या पिवळ्या भिंती त्या उष्णतेने लाल होऊन गेल्या. आज ज्याला पॉम्पेईचा लाल म्हणून नावाजतात, त्यातला काही भाग मुळात पिवळा होता. लोखंडाच्या जोडीला मातीत मँगनीजचे प्रमाण वाढले, की रंग गडद तपकिरीकडे झुकतो. चित्रकारांच्या पेटीतले सिएना आणि अंबर हे रंग असेच. त्यातले सिएना हे नाव इटलीतल्या त्याच नावाच्या गावावरून आले.

हे रंग माणसाने वापरलेल्या सर्वांत जुन्या रंगांपैकी आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत शिंपल्यांमध्ये कालवून ठेवलेला गेरू सापडला. तो सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे भीमबेटकाच्या खडकांवरची लाल चित्रे गेरूची. अजिंठ्याच्या भिंतींवर मातीचा गिलावा, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. त्यातले तांबडा, पिवळा हे रंग मातीचे, हिरवाही हिरव्या मातीचाच, काळा काजळीचा. निळा लाजवर्द तेवढा दूरच्या अफगाणिस्तानातला. कोकण-गोव्यात कावी नावाची कला आहे. तिच्यात चुन्याच्या पांढऱ्या थरावर लाल थर देतात आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करतात. वारली चित्रांमागची भिंतही गेरूचीच.

एवढी वर्षे हे रंग टिकले, कारण लोखंडाची जी व्हायची ती गंजण्याची क्रिया आधीच होऊन गेलेली असते. उन्हाने तो रंग विटत नाही, चुन्याच्या दाहकतेने मरत नाही. फुलापानांच्या रंगांचे तसे नसते. आज डब्यातून मिळणाऱ्या रंगांत खाणीतल्या मातीऐवजी बहुधा कारखान्यात तयार केलेले लोहभस्म असते, पण जात तीच. दहा वर्षांनी पडदा बाजूला सरकवला आणि मागची भिंत वेगळ्या रंगाची निघाली, असे या रंगांत सहसा होत नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ. आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग. पिकायची ती काळी आणि वसायची ती पांढरी. काळ्या रानाची माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिची भिंत उभी राहत नाही. म्हणून घराला पांढरीची माती. लहानपणी भिंतींना पोतेरे द्यायचा दिवस असला, की आम्ही मुले घमेल्यातून माती आणायचो. अम्मा आणि शेजारच्या काकू मिळून पोतारायच्या. भुई शेणाने सारवलेली, वर धुराने काळवंडलेल्या तुळया, मधे भिंतीचा मऊ मातकट रंग. आणि भिंतीच्या पायथ्याशी वीतभर उंचीचा कावेचा तांबडा पट्टा. तो पट्टा कशासाठी, हे मी तेव्हा कधी विचारले नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

मग हे रंग आपण सोडले कशासाठी? एक कारण चुना. चुना स्वस्त, आणि ताजा असताना जंतूंना मारक. १८९७ साली पुण्या-मुंबईत प्लेगने कहर केला, तेव्हा घरे धुऊन काढून चुना मारण्याचा सरकारी धडाकाच लागला होता. पांढरी भिंत म्हणजे आरोग्य, हे समीकरण मनात बसले ते बसलेच. नंतर चुना म्हणजे सणही झाला. शेजारी दिवाळीच्या आधी आणि आमच्याकडे रमजान ईदच्या आधी घर उजळायचे. रंगारी तोच, कुंचा तोच आणि चुन्यात टाकायची नीळही तीच. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २००५ साली तर दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या, आणि आमच्या आळीतल्या रंगाऱ्याचे हातपाय गळाले!

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे, ते म्हणजे उजेड. घरात एकच चिमणी किंवा एकच बल्ब असेल, तर पांढरी भिंत म्हणजे दुसरा दिवा असतो. हे नुसते बोलण्यापुरते नाही, त्याचा हिशेब करता येतो. चांगली पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ऐंशी टक्के परत पाठवते. गडद तपकिरी भिंत वीस टक्के किंवा त्याहून कमी. वरवर पाहता फरक चौपट वाटतो, पण तो कसा वाढत जातो ते पाहा. समजा दिव्यातून शंभर रुपयांचा प्रकाश निघाला. पांढरी भिंत ऐंशी परत देते, ते समोरच्या भिंतीवर जातात, ती त्यातले चौसष्ट परत देते, मग एक्कावन्न, मग एक्केचाळीस... अशी बेरीज करत गेले की शंभराचे पाचशे होतात. गडद भिंत शंभरातले वीस परत देते, मग चार, मग एकही नाही. शंभराचे फक्त सव्वाशे.

अम्माच्या खोलीचा हिशेब मी असाच मांडला. दहा बाय बारा, उंची दहा फूट. भिंती, छत आणि फरशी सगळे पांढरेशुभ्र धरले, तर प्रकाश पाचपट होतो. चारही भिंती गडद केल्या आणि छत-फरशी पांढरी ठेवली, तर तो पावणेदोन पटीच्याही किंचित खाली येतो. म्हणजे दिवा तोच, वीजबिल तेच, आणि खोलीतला प्रकाश जवळजवळ एक तृतीयांश. पण चारांतली फक्त एक लहान भिंत गडद केली, तर तो साडेतीन पटींच्या आसपास राहतो. खऱ्या खोलीत खाट, कपाट, पडदे असतात, त्यामुळे आकडे इकडेतिकडे होतील. तरी एक भिंत रंगवणे आणि चार भिंती रंगवणे यांत किती अंतर आहे, ते यावरून कळते.

यातच उपायही आहे. गडद भिंत दिव्याचा थेट प्रकाश कमी करत नाही, ती परत येणारा प्रकाश कमी करते. पुस्तकावर शेजारच्या दिव्याचा झोत पडला असेल, तर भिंत कोणत्याही रंगाची असली तरी अक्षरे जवळपास तेवढीच उजळ दिसतील. म्हणून गडद खोलीत छताच्या मधोमध एकच ट्यूब लावून भागत नाही. जिथे वाचायचे तिथे एक दिवा, जिथून चालायचे तिथे एक, आरशाजवळ एक, असे लहान लहान दिवे लागतात. जुन्या वाड्यांतल्या आणि मातीच्या घरांतल्या देवळ्या, कोनाडे आठवा. दिवा माणसाजवळ असायचा.

दिवा कोणता, याचाही विचार करावा लागतो. भिंत काही स्वतःचा रंग निर्माण करत नाही. दिव्यात जो रंग असेल त्यातलाच निवडून परत देते. पांढऱ्याशुभ्र, निळसर दिव्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन असे लिहिलेले असते; त्यात तांबडा भाग कमी. त्या उजेडात गेरू मेल्यासारखा दिसतो, तपकिरी राखाडी होतो. आपण मग रंगाला दोष देतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला, की तीच भिंत जिवंत होते. कारण मातीचे रंग शतकानुशतके चुलीच्या आणि तेलाच्या दिव्याच्या उजेडात पाहिले गेले आहेत. खोक्यावर सीआरआय म्हणून आणखी एक आकडा असतो. दिवा रंग किती खरे दाखवतो, त्याचे ते माप. शंभरपैकी नव्वदच्या वर असेल तर उत्तम. दिवसाच्या उजेडाचेही असेच आहे. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थंड, निळसर. तिथे काव, विटकरी असे उबदार रंग शोभतात. पश्चिमेच्या खोलीत तेच रंग संध्याकाळी अगदी पेटतात.

आता तपकिरी रंगाची एक नवलाची गोष्ट. इंद्रधनुष्यात तपकिरी नाही. तपकिरी प्रकाश असा नसतोच. तपकिरी म्हणजे आजूबाजूच्या मानाने मंद पडलेला नारिंगी. अंधाऱ्या खोलीत तपकिरी कागदाच्या एका तुकड्यावरच बॅटरीचा झोत टाका, शेजारचे काही दिसू देऊ नका. तो नारिंगीकडे झुकलेला दिसेल. शेजारी पांढरा कागद ठेवा, पुन्हा तपकिरी होईल. म्हणजे हा रंग शेजाऱ्यावर अवलंबून आहे. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गोबेलँच्या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. काळ्या लोकरीला रंग नीट चढत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी शोध घेतला, तेव्हा दोष रंगात नव्हता. काळ्याच्या शेजारी जे रंग विणले जात होते, त्यांच्यामुळे काळा फिका वाटत होता. या विषयावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. आपल्या घरात त्याचा अर्थ असा, की शुभ्र छताला लागून असलेली गडद भिंत आहे त्याहून गडद दिसते. छताला आणि बाकीच्या भिंतींना शुभ्राऐवजी हस्तिदंती किंवा दुधी रंग दिला, तर ती धार कमी होते.

शेडकार्डावर जो रंग आवडतो तोच भिंतीवर जड का वाटतो, याचेही उत्तर यातच आहे. कार्डावरचा तुकडा बोटभर, आणि तो पांढऱ्या कागदावर. भिंतीवर गेल्यावर तांबड्या भिंतीचा प्रकाश समोरच्या तांबड्या भिंतीवर पडतो, तिथून आणखी तांबडा होऊन परत येतो, आणि रंग दाट होत जातो. म्हणून कार्डावरून थेट निवड करू नये. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर दोन हात मारून घ्यावेत आणि तो पुठ्ठा खोलीत सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला वेगवेगळ्या भिंतींशी धरून पाहावा. चार दिवसांची वाट पाहिली तर चार वर्षांचा पश्चात्ताप वाचतो.

आणि आता डोळा. मी खोली रंगवली ती माझ्या डोळ्यांनी पाहून. पण राहायची होती अम्मा. वय वाढते तशी बाहुली लहान होत जाते, डोळ्यातले भिंग पिवळसर आणि गढूळ होते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. माझ्या हिशेबात भिंतींनी प्रकाश एक तृतीयांश केला होता, आणि वयाने तो आधीच तेवढा केलेला होता. तिने विचारलेला प्रश्न तक्रार नव्हती. ती जे होते तेच सांगत होती.

म्हाताऱ्या डोळ्यांना दोन गोष्टी विशेष जड जातात. एक म्हणजे दिपणे. गडद भिंतीत उघडी खिडकी असेल, तर खिडकी लखलखते आणि भोवतालचे काहीच दिसत नाही. म्हणून खिडकीची भिंत कधी गडद करू नये. ती उजळच ठेवावी. दुसरी म्हणजे कडा ओळखणे. तपकिरी भिंतीत तपकिरी दार, पांढऱ्या भिंतीवर पांढरे बटण, फिक्या भिंतीला लागून फिकी फरशी, यांच्या कडा त्यांना सापडत नाहीत. म्हणजे दोष एकट्या गडद रंगाचा नाही. माझ्या आधीच्या पांढऱ्या खोलीतही तिला बटण चाचपावे लागत होते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. गडद रंग योग्य जागी असला तर म्हाताऱ्या माणसाला तो आधारच होतो, कारण त्याच्यामुळे एक वस्तू दुसरीपासून वेगळी निघते.

आता थोडे कामाचे बोलू. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने मला ऐकवलेले पहिले वाक्य होते, "गडद रंग भिंतीची चुगली करतो." पांढऱ्यात झाकलेले खड्डे-उंचवटे गडद चकचकीत रंगात उघडे पडतात. म्हणून लांबी आणि घासकाम नीट हवे आणि रंग बिनचकाकीचा किंवा अगदी मंद चकाकीचा घ्यावा. पण बिनचकाकीच्या गडद भिंतीवर बोटांचे तेलकट डाग आणि घासल्याचे पांढरे ओरखडे उठून दिसतात. तेव्हा 'मळखाऊ' हा समज कापडापुरता ठीक. भिंतीला तो लागू नाही. जिन्यात, मुलांच्या खोलीत, जिथे हात लागतो तिथे पुसता येईल असा रंग घ्यावा. दुकानातल्या यंत्रावर गडद छटा बनवतात, तेव्हा वापरलेल्या बेसमध्ये पांढरे टायटॅनियम फार कमी असते, त्यामुळे खालचा पांढरा लवकर झाकत नाही. दोनऐवजी तीन हात लागू शकतात. प्रायमरच करडा किंवा त्याच रंगाकडे झुकणारा घेतला तर एक हात वाचतो. भिंतीत ओल असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा. पांढऱ्या भिंतीला लागलेला लोणा चटकन दिसत नाही. विटकरी भिंतीवर तो मिठासारखा फुललेला दिसतो.

गडद रंगाने खोली तापते का, असे पुष्कळ जण विचारतात. बाहेरच्या भिंतीला आणि गच्चीला गडद रंग दिला तर ती ऊन पिते आणि घर तापते, हे खरे. आतल्या भिंतीवर थेट ऊन पडत नसेल तर तसा फरक पडत नाही.

जुना रंग खरवडताना मात्र जपावे. जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांत शिसे असे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारांखिडक्यांचा रंग कोरडा घासला तर ती भुकटी श्वासातून, हातांवरून लहान मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूला इजा करते. ओला करून घासावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये आणि केर ओल्या फडक्याने उचलावा.

ज्यांचे गावाकडे अजून मातीचे किंवा चुन्याचे घर आहे, त्यांना एक विनंती. त्या भिंतींना प्लॅस्टिकचा रंग फासू नका. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगावरून सोडून देते. वर न झिरपणारा थर बसला की ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात, माती ढासळते. तिथे चुना, चुन्यात कालवलेली काव किंवा पोतेरे हेच खरे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०२१ च्या जानेवारीत शेणापासून केलेला रंगही बाजारात आणला. आपल्या आयांच्या हाताला जे ठाऊक होते, ते आता डब्यावर छापून येऊ लागले आहे.

अम्माच्या खोलीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या म्हाताऱ्या रंगाऱ्याला बोलावले. खाटेच्या डोक्याकडची एकच भिंत विटकरी ठेवली. खिडकी तिच्या बाजूच्या भिंतीला असल्यामुळे तिच्यावर दिवसभर तिरपा उजेड पडतो. बाकीच्या तीन भिंती हस्तिदंती केल्या. त्यातल्या एका भिंतीत तपकिरी दार आहे, ते आता लांबूनही ओळखू येते. बटणांभोवती गडद रंगाची चौकट काढली. खाटेशेजारी पिवळ्या उजेडाचा वाचायचा दिवा आला आणि न्हाणीघराच्या वाटेवर एक बारीक दिवा, तो रात्रभर जळतो.

काम संपत आले तेव्हा अम्मा उठून भिंतीपाशी आली. रंगाऱ्याला म्हणाली, "चाचा, खाली पट्टा राहिला." आपल्या हाताची वीत भिंतीच्या पायथ्याशी लावून तिने उंची दाखवली. चाचांनी विटकरीत थोडा काळा टाकून कावेसारखा रंग केला आणि तिन्ही उजळ भिंतींच्या पायथ्याशी वीतभर पट्टा ओढला. तेव्हा मला कळले, की गावच्या घरातला तो पट्टा काय करत होता. सारवताना उडणारे शिंतोडे तो झाकायचा, हे तर आहेच. पण चिमणीच्या उजेडात भुई कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हेही तोच सांगायचा.

त्या रात्री अम्मा पाणी प्यायला उठली. मी माझ्या खोलीतून कान देऊन होतो. तिची पावले दारापर्यंत गेली, दारातून सरळ बाहेर पडली आणि तशीच परत आली.